राख किमान किती असावी, हे कोण सांगणार?

काही वर्षांपूर्वी जानेवारीत करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर गेले होते. चुलवाणात चिपाड धडधडत होतं, काहिलीत रस उकळत होता आणि गुळव्या झाऱ्याने मळी बाजूला ओढत होता. मालक घरात गेले आणि दोन कागद घेऊन आले. दोन वेगवेगळ्या गुळांच्या तपासणीचे अहवाल होते ते. एक त्यांच्या स्वतःच्या गुळाचा. दुसरा बाजारातून मुद्दाम विकत आणलेल्या गुळाचा, ज्यात साखर घातली आहे अशी त्यांची खात्री होती. दोन्ही कागदांच्या तळाशी निष्कर्ष एकच होता: नमुना मानकांनुसार आहे.

"ज्येच्यात साखर वतलीया त्योबी पास, न् माझाबी पास," ते म्हणाले. "मग तुमच्या तपासणीचा उपेग काय वो मॅडम?"

मी रसायनशास्त्राची. उमेदीची सगळी वर्षं शिकवण्यात आणि अन्नपदार्थांच्या पृथक्करणात गेली. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे काहिलीशेजारी उभ्या उभ्या देता आलं असतं, आणि तीच गोष्ट मला लागली. आम्हा रसायनवाल्यांना हे उत्तर कधीपासून माहीत आहे. पण ते जिथे पोचायला हवं तिथे आम्ही ते कधी पोचवलेलं नाही.

उत्तर असं आहे. अन्नसुरक्षा मानकांच्या 2011 च्या नियमावलीत गुळासाठी जे आकडे दिले आहेत, त्यात एकूण शर्करा किमान 90 टक्के आणि सुक्रोज किमान 60 टक्के असावं लागतं. ओलावा 10 टक्क्यांच्या वर नको. एकूण राख 6 टक्क्यांच्या वर नको. राख म्हणजे पदार्थ पूर्ण जाळल्यावर उरणारे क्षार, गुळाच्या बाबतीत मुख्यतः पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस, थोडं लोह. आता या गुळात साखर मिसळून पाहा. साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध सुक्रोज, त्यामुळे सुक्रोजचा आकडा वर जातो, आणि नियमाला तर तो वरच हवा आहे. साखरेत क्षार नसल्यात जमा, त्यामुळे राख खाली येते, आणि नियमाला ती खालीच हवी आहे. म्हणजे साखर जितकी जास्त मिसळाल, तितका तो नमुना या दोन्ही कसोट्यांवर अधिक सहज उत्तीर्ण होणार. प्रयोगशाळेने काम चोख केलं तरी हेच होणार, कारण तिला विचारलेला प्रश्नच चुकीचा आहे.

हे आकडे ज्यांनी ठरवले त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोरची भीती वेगळी होती. गुळात माती, चुना, कचरा जाऊ नये म्हणून राखेला वरची मर्यादा घातली गेली, आणि ती योग्यच होती. साखर गुळापेक्षा स्वस्त मिळेल आणि कुणी पोत्याने ती काहिलीत ओतेल, ही भीती त्या नियमात कुठे दिसत नाही. भीती बदलली, आकडा तसाच राहिला.

मधाचं उदाहरण घेतलं की अडचण आणखी नीट कळते. मधात उसाची साखर घातली तर कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या कमीजास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, ते ओळखता येतं. ऊस ज्या पद्धतीने हवेतला कार्बन घेतो ती पद्धत, मधमाश्या ज्या फुलांवर बसतात त्यांतल्या बहुतेक झाडांपेक्षा वेगळी आहे. गुळाला ही युक्ती चालत नाही. गूळही उसाचा आणि साखरही उसाची. तेव्हा उरतात ते क्षार, रंगद्रव्यं, फिनॉलवर्गीय घटक, म्हणजे साखर कारखान्यात जे काढून टाकलं जातं आणि गुऱ्हाळात जे राहतं ते. सगळ्यात सोपी, सगळ्यात स्वस्त, कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजात होऊ शकेल अशी कसोटी म्हणजे राखेची किमान मर्यादा.

पण ती किती ठेवायची? इथेच एकट्या माणसाचं काम संपतं. शिरोळच्या क्षारपड जमिनीतल्या उसाचा गूळ आणि पन्हाळ्याच्या बाजूच्या माळावरच्या उसाचा गूळ यांची राख सारखी येणार नाही. को 86032 आणि को 92005 या जातींत फरक पडेल, पाण्याने पडेल, खताच्या मात्रेनेही पडेल. मर्यादा फार वर ठेवली तर माळावरचा चोख गूळ करणारा शेतकरी भेसळखोर ठरेल. फार खाली ठेवली तर साखरवाला पुन्हा सुटेल. हा आकडा ठरवायला मृदाशास्त्रज्ञ हवा, ऊसपैदासकार हवा, विश्लेषक हवा, संख्याशास्त्री हवा, आणि ज्याने पन्नास वर्षं आदणं (रसाच्या उकळीचे घाणे) काढली असा एक गुळव्याही हवा. हे सगळे लोक कोल्हापुरात आहेत. इथे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. 1962 पासून शिवाजी विद्यापीठ आहे. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे या पदार्थाची ओळख जपण्याची कायदेशीर जबाबदारीही आपण मागून घेतलेली आहे. हे लोक एका छताखाली येण्याचे प्रसंगही ठरलेले असतात: व्यावसायिक विज्ञान संघटनांची वार्षिक अधिवेशनं.

अशी पुष्कळ अधिवेशनं मी पाहिली आहेत. गुळातल्या लोहावर निबंध ऐकले, रानभेंडीच्या चिकाने रस निवळण्यावर ऐकले, गुळाचा रंग उजळणारी हायड्रॉस पावडर टाळून रंग कसा राखावा यावर ऐकले. चांगलं काम असतं ते. पण 'गुळाचं मानक बदलायला हवं का, आणि हवं तर कसं' हा विषय मी एकाही कार्यक्रमपत्रिकेवर पाहिला नाही. एकदा प्रश्नोत्तरांत मी तो काढला. अध्यक्ष सज्जन होते. ते मृदूपणे म्हणाले, "हा धोरणाचा भाग झाला, आपण विज्ञानापुरतं बोलू." मग चहा झाला.

'धोरणाचा भाग' या दोन शब्दांशी माझं भांडण आहे. नियमातला प्रत्येक आकडा हे मुळात वैज्ञानिक विधान असतं. गुळात सल्फर डायऑक्साइड 70 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 70 भाग) चालेल, असं नियम म्हणतो तेव्हा तो दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिकेबद्दल, मापनपद्धतीच्या अचूकतेबद्दल आणि माणसं रोज किती गूळ खातात याबद्दल काहीतरी गृहीत धरत असतो. ती गृहीतकं बरोबर आहेत की शिळी झाली आहेत, हे तपासणं हे शास्त्रज्ञाचंच काम आहे. आमच्याखेरीज दुसरं कोण करणार? साखर मिसळलेला गूळ सरसकट बंद करावा की ठसठशीत लेबल लावून विकू द्यावा, हा प्रश्न मात्र सगळ्यांचा आहे. तिथे शास्त्रज्ञाचं मत एका नागरिकाच्या मताएवढंच. हे दोन थर वेगळे ठेवता येतात. ते वेगळे ठेवायची सवय चर्चेनेच लागते. चर्चा टाळली की दोन्ही थर एकत्र होतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्या हाती जातात.

मसुदे निघतात कसे ते पाहू. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नवा नियम करण्याआधी त्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. केंद्र सरकारच्या 2014 च्या धोरणानुसारही कायद्यांचे मसुदे किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवायचे असतात. या दिवसांत कोण लिहितं? मोठ्या कंपन्यांत याच कामासाठी स्वतंत्र विभाग असतात. तिथली माणसं रोज राजपत्र वाचतात. गुऱ्हाळवाल्याला मसुदा म्हणजे काय हेच माहीत नसतं. कॉलेजातल्या प्राध्यापकाला तो कळतो तेव्हा अंतिम अधिसूचना निघालेली असते. शिवाय भाषा. 2020 मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा आला तेव्हा तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही उपलब्ध करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. मसुद्यांवर डोळा ठेवणारा एक माणूस नेमणं, मसुदा आला की त्या विषयातल्या चार सदस्यांना फोन करणं, त्याचा मराठी गोषवारा काढून तालुक्यापर्यंत धाडणं, हे एखाद्या संघटनेला सहज जमण्यासारखं आहे. एकट्यादुकट्याला ते कधीच जमणार नाही.

एकट्याने न बोलण्याला आणखी एक कारण आहे. त्याबद्दल माझ्या सहकाऱ्यांना भित्रं म्हणायला मी तयार नाही. सरकारी शास्त्रज्ञांवर वर्तणूक नियमांचं बंधन असतं. केंद्राचे नियम 1964 चे, महाराष्ट्राचे 1979 चे. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करायला त्यांत मनाई आहे. ज्या माणसाच्या टेबलावर पाण्याचे नमुने रोज येतात, त्यालाच त्या पाण्याच्या नियमाबद्दल बोलताना दहा वेळा विचार करावा लागतो. घरी दोन मुलं शिकत असतात, बदली डोक्यावर असते. अशा माणसाला संघटना सावली देऊ शकते. तिथे तो सदस्य म्हणून आपला अनुभव मांडेल, आकडे पडताळले जातील, आणि बाहेर जाईल ते निवेदन संघटनेच्या सहीने जाईल. त्यात कुणा एकाचं नाव नसेल. पण चाळीस जणांचं ज्ञान त्यात असेल.

पंचगंगेच्या बाबतीत या ज्ञानाची किती गरज आहे ते जरा सविस्तर सांगते, कारण हा विषय इथल्या प्रत्येकाच्या नळातून येतो. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. नदीबद्दल तेव्हा बरंच लिहिलं गेलं, पण नियमाच्या रचनेबद्दल फारसं नाही. सांडपाण्याच्या मानकांचं मूळ विलायतेत आहे. 1912 मध्ये तिथल्या रॉयल कमिशनने ठरवलं की नदीत सोडायच्या पाण्यात तरंगते कण लिटरला 30 मिलिग्रॅम आणि जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा प्राणवायू वापरतात ती, 20 मिलिग्रॅमच्या आत हवी. पण त्यामागे एक अट होती: सोडलेल्या पाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी नदीत असलं पाहिजे. आपल्याकडच्या सर्वसाधारण मानकात नदीत सोडायच्या पाण्यासाठी ही मागणी 30 मिलिग्रॅमपर्यंत चालते, आणि नदीत पाणी किती आहे हे तो आकडा विचारत नाही. एक सुधारणा आपण केली, हेही सांगितलं पाहिजे. ही मागणी मोजायची विलायती चाचणी 20 अंशांवर 5 दिवसांची. आपण ती 27 अंशांवर 3 दिवसांची केली, कारण आपल्याकडचं पाणीच उबदार. इथल्या हवापाण्यानुसार नियमातली चाचणी बदलता येते, हे यातून दिसतं.

मग पंचगंगेचा उन्हाळा नियमात का येऊ नये? मार्च-एप्रिलमध्ये ही नदी सलग वाहत नसते. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशा बंधाऱ्यांत बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असतात आणि नदी डबक्यांची माळ होते. वरच्या धरणांतून पाणी सुटलं की हलते, नाही तर जागच्या जागी तापत राहते. या बंधाऱ्यांना देशभर 'कोल्हापूर पद्धतीचे बंधारे' म्हणतात. आपल्या गावाचं नाव त्यांच्यावर आहे. बरगे घातलेल्या बंधाऱ्यामागे 30 मिलिग्रॅमचं पाणी सोडणं आणि ऑगस्टच्या दुथडी पंचगंगेत तेच पाणी सोडणं या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत मासे मरून काठाला लागतात, दुसरीत काही दिसतही नाही. नियमाच्या दृष्टीने मात्र दोन्ही सारख्याच. दिल्लीत बसलेल्या समितीला बरगे म्हणजे काय हे कुठून कळणार? ते तिला सांगायचं काम इथल्या रसायनतज्ज्ञांचं, जीवशास्त्रज्ञांचं, पाटबंधाऱ्याच्या अभियंत्यांचं आहे. प्रदूषकाची तीव्रता किती, एवढ्यावर न थांबता दिवसाला एकूण भार किती आणि त्या आठवड्यात प्रवाह किती, याला बांधलेली मर्यादा हवी, हे मांडणं त्यांचं काम आहे.

संधी नव्हती असंही नाही. शहरांच्या सांडपाणी प्रकल्पांसाठी 2015 च्या मसुद्यात जैविक ऑक्सिजन मागणी 10 मिलिग्रॅमवर आणायचं सुचवलं होतं. 2017 च्या अंतिम अधिसूचनेत महानगरांना 20 आणि इतरांना 30 अशी सूट आली. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती सूट नाकारून पुन्हा 10 कडे जायला सांगितलं. चार वर्षांत एकच आकडा तीनदा हलला. प्रत्येक वेळी कोट्यवधी रुपयांच्या प्रकल्पांची रचना त्याला बांधलेली. त्या काळात पंचगंगेचे नमुने वर्षानुवर्षे तपासणाऱ्या, माझ्या ओळखीच्या कुठल्याही मंडळाने त्यावर एक बैठकसुद्धा घेतली नाही. मीही घेतली नाही, आणि याची मला खंत आहे.

अभियंत्यांच्या बाबतीत पूररेषांचं असंच आहे. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतल्या एकाची, असं आपण म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं, एकदा आला, आता पंचवीस वर्षं निवांत. खरा अर्थ असा की दरवर्षी तो येण्याची शक्यता 4 टक्के असते, यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी ती कमी होत नाही. 2005, 2019, 2021 असे तीन मोठे पूर पाहिलेल्या गावाने ती शक्यता कुठल्या वर्षांच्या नोंदींवरून काढली आणि ती आता पुन्हा काढावी का, हे विचारायलाच हवं. हा बांधकाम परवान्यांचा प्रश्न आहे, त्यामुळे दडपण येणार. म्हणूनच तो एका अभियंत्याच्या अंगावर टाकू नये.

दोन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात. पहिला, संघटनेत राजकारण शिरेल आणि उद्योग तिला खिशात घालतील. ही भीती खोटी नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या वैज्ञानिक पॅनेलांवर कंपन्यांची माणसं बसल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, आणि 2011 मध्ये न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञ नेमायला सांगितलं. यावरचा उपाय उघडपणा हाच आहे. बोलणाऱ्याने आधी सांगावं: मला अमुक कारखान्याकडून संशोधनाला पैसे मिळतात, माझा भाऊ अमुक व्यवसायात आहे. एवढं सांगून मग त्याने खुशाल बोलावं. कारखान्यातल्या रसायनतज्ज्ञाला बाहेर ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे, त्याला माहीत असलेलं आम्हाला माहीत नसतं.

दुसरा आक्षेप असा, की वेळ आली की सरकार देशाच्या मोठ्या विज्ञान अकादमींना विचारेलच, आपण कशाला? याचं उत्तर 2010 मध्ये मिळालेलं आहे. बीटी वांग्याला स्थगिती दिल्यानंतर केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी सहा अकादमींकडून जनुक-बदलित पिकांवर अहवाल मागवला. सप्टेंबरमध्ये तो आला, आणि त्यातला काही मजकूर एका सरकारी वार्तापत्रातल्या लेखातून जसाच्या तसा उचलल्याचं उघडकीला आलं. डिसेंबरमध्ये सुधारित अहवाल द्यावा लागला. त्या अकादमींत विद्वत्तेची उणीव नव्हती. माझ्या मते, अशा प्रश्नांवर मतभेद मांडून, कागदावर आणून, एकमेकांचे आकडे खोडून काढण्याची रोजची तालीमच नव्हती. ज्या कुस्तीगिराने वर्षभर लाल मातीत अंग घातलेलं नाही, त्याला एकदम खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरवल्यासारखं ते झालं.

उलट 1975 ची अॅसिलोमारची परिषद आठवा. जनुकजोडणीचं तंत्र नुकतंच हाती आलं होतं. ज्या शास्त्रज्ञांनी ते आणलं, त्यांनीच आधी काही प्रयोग स्वतःहून थांबवले, मग कॅलिफोर्नियात जमून कुठल्या प्रयोगाला किती बंदोबस्त हवा यावर कडाक्याचं भांडण केलं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या अधिकृत मार्गदर्शक सूचना आल्या, त्यांचा पाया तिथे घातला गेला होता. सगळ्यांचं एकमत झालं नव्हतं, आणि व्हायची गरजही नव्हती. आपल्या संघटनांनीही एकमताचा आग्रह सोडावा. निवेदनाला भिन्नमतपत्रिका जोडलेली असली तर मसुदा करणाऱ्याला ती जास्त उपयोगी पडते, कारण शंका नेमकी कुठे आहे हे तिच्यातून कळतं.

तरुण संशोधकांबद्दलही सांगायला हवं. हरकतींचं पत्र लिहिण्यात पंधरा दिवस घालवणाऱ्या मुलीला त्याचे गुण कुठेच मिळत नाहीत. त्याच पंधरा दिवसांत ती एक निबंध पाठवू शकते, आणि बढती निबंधावर मिळते. संघटनेने अशा पत्रावर लेखकांची नावं घालून ते आपल्या नियतकालिकात छापावं, अधिवेशनात ते वाचायला वेळ द्यावा, वर्षातल्या सर्वांत चांगल्या हरकतपत्राला निबंधाच्या बरोबरीचं पारितोषिक द्यावं. नाव घालायचं की नाही हे लिहिणाऱ्याने ठरवावं, सरकारी नोकरीतल्यांना ती मोकळीक हवीच. आणि चर्चा मराठीत होऊ द्यावी. इंग्रजीत निबंध वाचताना अडखळणारी माणसं मराठीत आपल्या विषयावर किती नेमकं बोलतात, हे मी प्रयोगशाळेच्या ओट्यापाशी हजार वेळा ऐकलं आहे.

मी ज्या संघटनेची सदस्य आहे तिच्या कार्यकारिणीला गेल्या महिन्यात पत्र दिलं. यंदाच्या अधिवेशनात एक तास मागितला आहे, विषय लिहिला आहे: 'गुळातली एकूण राख: किमान मर्यादा असावी का?' होकार अजून आलेला नाही. गुऱ्हाळाच्या मालकांना मात्र मी फोन करून सांगितलं. शिरोळ, करवीर आणि पन्हाळा अशा तीन तालुक्यांतून, कुणाच्या रानातला ऊस, कुठली जात, कुठलं पाणी हे चिठ्ठीवर लिहून, प्रत्येकी दहा रवे (गुळाच्या ढेपी) गोळा करायला त्यांनी सुरुवात केली आहे. पहिले चार माझ्या घरी येऊन पडलेत.